कॉम्प्युटरच्या पोटातला आत्याचा कॉम्प्युटर

या धाग्यावर मी आजवर फक्त टवाळी करायला आले आहे. जुने सभासद ओळखतील… कुणी पिंपळाखाली उभी असलेली बाई लिहिली की "साडी नऊवारी होती की पाचवारी?" असं विचारणारी ती मीच. दारावर लिंबू-मिरची दिसली की त्यातलं लिंबू पोह्यांवर पिळावं असं मला नेहमी वाटत आलं आहे. भूत, करणी, बाधा यातलं काहीही मी कधी मानलं नाही. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे, पण लिहिणार. कारण घरात मला सगळे खोटारडी ठरवून बसले आहेत, आणि मला ते सहन होत नाही.

एकच विनंती. "रिस्टार्ट करून पाहिलं का?" असं कुणी विचारू नका. माझं पोट त्यावरच चालतं.

तर नागपूर. इतवारी. सराफा ओळीच्या मागे एक गल्ली आहे, तिथं टेम्पो शिरला की आधी कोण मागे सरकणार यावर टेम्पोवाल्याची आणि हातठेलेवाल्यांची संसद भरते. त्या गल्लीत खाली भांड्यांचं होलसेल दुकान आणि लाकडी जिना चढून वर आमचं लग्नपत्रिकांचं दुकान. पुढच्या खोलीत काउंटर, भिंतभर नमुन्याच्या पत्रिका आणि बाबा. मागच्या खोलीत कूलर, कॉम्प्युटर आणि कुसुमआत्या. म्हणजे… होती.

आत्या बाबांची धाकटी बहीण. तिचा नवरा बुटीबोरीला एका कापडाच्या कारखान्यात होता. त्यानं तिथंच दुसरं घर केलं आणि आत्या एका ट्रंकेसह परत आली. रीतसर घटस्फोट काही झाला नाही. त्यानंतर थोड्याच काळात आमची आई गेली. मी शाळेत होते, माझा भाऊ निखिल तर अजून झबल्यात. आम्हाला वाढवलं ते आत्यानं. निखिलला तर आई म्हणजे फोटो आणि आत्या म्हणजे आई असंच माहीत. दुकानात कॉम्प्युटर आला तेव्हा बाबांनी त्याला हात लावला नाही. आत्या दुपारचा स्वयंपाक आटोपून यायची आणि टाइप करायला शिकायची. पुढं तीच सगळ्या पत्रिका करायची.

आणि तिनं एक बॉर्डर काढली होती. संत्र्याच्या फुलांची वेल, चारही बाजूंनी, वर मध्यभागी गणपती. ही कुठून उतरवलेली नव्हती. माउसनं एकेक बिंदू टाकून तिनं ती पूर्ण उन्हाळाभर काढली होती. गिऱ्हाईक जिना चढतानाच "ते संत्र्याच्या फुलांवालं दाखवा" म्हणायचं. दुकान चाललं ते त्या वेलीवर. बाबा सगळ्यांना सांगायचे, "आमची डिझाइन आहे." आमची म्हणताना ते छातीला हात लावायचे, ते मला तेव्हाही डोक्यात जायचं.

मग निखिलचं लग्न ठरलं. मुलगी अमरावतीची, लोक मोठे, दारात दोन गाड्या. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होते, लग्नासाठी सुट्टी काढून आले होते. पत्रिकेचा मजकूर बाबांनी काउंटरवरून सांगितला आणि आत्यानं मागं बसून टाइप केला. मी तिच्या शेजारी स्टुलावर संत्रं सोलत होते. सगळी नावं झाली. बाबांची, काकांची, मामांची, कुठल्याशा भाच्याच्या चार वर्षांच्या मुलीचं नावसुद्धा 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणून आलं. आत्या थांबली.

"दादा, माह्यं नाव?"

बाबा पत्रिकांचे गठ्ठे लावत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "तुह्या नावापुढं काय लिहू मी, सांग न. सौ. लिहू का श्रीमती? आडनाव नवऱ्याचं लावू का बापाचं? अमरावतीचे लोक विचारतीन. पहिल्याच दिवशी काहून दाखवाचं हे सगळं?"

"काहीच नको लिहू पुढं. नुसतं कुसुम लिही."

"असं नसते लिहित पत्रिकेत."

मी संत्रं ठेवून उठले आणि बरंच बोलले. काय बोलले ते इथं लिहिलं तर पोस्ट उडवतील. बाबा म्हणाले, "तू पुण्याची पाहुणी आहे, पाहुणीसारखी राय." निखिलही तिथंच होता. तो मोबाइलमध्ये बघत राहिला. आत्यानं माझा हात धरून मला खाली बसवलं, प्रूफ काढलं आणि जाऊन बाबांसमोर ठेवलं. स्वतःचं नाव नसलेली, स्वतःच्या वेलीची पत्रिका, तिच्याच हातानं. ज्यांना पत्रिकेतलं नाव म्हणजे काय ते कळतं त्यांना हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडे नाव राहिलं म्हणून सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत. आणि इथं जिनं मुलगा वाढवला तिलाच वगळलं होतं.

प्रूफ ठेवून ती एवढंच म्हणाली, अगदी साध्या आवाजात, दूध उतू गेलं सांगावं तसं, "दादा, यापुढं या घरच्या पत्रिकेत माह्यं नाव कवा टाकाचं आणि कवा नाही, ते मी ठरवीन."

बाबा हसले होते.

लग्न झालं. आत्या मांडवात वाढायला उभी होती. त्यानंतरच्या मे महिन्यात ती गेली. दुपारी, मागच्या खोलीत, कूलरसमोर, खुर्चीतच. बाबा पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाला नमुने दाखवत होते, त्यांना कळलंही नाही.

पुढं कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली आणि मी नागपूरला परत आले. निखिल बायकोला घेऊन बेसा भागात वेगळा राहायला गेला होता. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, त्यामुळे मागच्या खोलीत मीच बसू लागले. एका टेबलावर माझी पुण्याची नोकरी, दुसऱ्यावर लग्नपत्रिका.

आता थोडं तांत्रिक, पण सोपं करून सांगते. आत्याचा कॉम्प्युटर जुनाट, विंडोज एक्सपी. त्यावरचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअरही तसंच जुनं. तिच्या सगळ्या पत्रिका, ती वेल, सगळं त्याच सॉफ्टवेअरमध्ये. नव्या कॉम्प्युटरवर ते चालत नाही, फाइल उघडली तर नुसते चौकोन दिसतात. आणि तो डबा आता घरघर करायला लागला होता. म्हणून मी त्याची हार्ड डिस्क जशीच्या तशी उतरवून घेतली आणि नव्या लिनक्सच्या मशीनमध्ये व्हर्च्युअल मशीन म्हणून चालू केली. म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जुना कॉम्प्युटर, अख्खाच्या अख्खा. पडद्यावर एक चौकट उघडते आणि त्या चौकटीत तो आपला सुरू होतो. त्याला बिचाऱ्याला वाटतं आपण स्वतंत्र आहोत. आपण दुसऱ्याच्या घरात एका चौकटीत राहतो हे त्याला कळत नाही. माझ्या नोकरीत मी रोज हेच करते, त्यामुळे यात मला काही नवल नव्हतं.

पहिल्यांदा ती चौकट उघडली तेव्हा मात्र मी थोडी रडले. वॉलपेपरवर मी आणि निखिल, अंबाझरीच्या बागेत, हातात भुट्टे. एका कोपऱ्यात 'वैशू' नावाचं फोल्डर, त्यात माझे शाळेपासूनचे फोटो स्कॅन केलेले.

बाबा मागं येऊन उभे राहिले. "म्हणजे घरात भाडेकरू ठेवला न तू?"

"भाडेकरू नाही बाबा, ज्याच्यावर घर चालते तो आहे हा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुना डबा कबाड्याला देऊन टाकला आणि दसऱ्याला नव्या मशीनला झेंडूचा हार घातला.

एक गोष्ट इथं लक्षात ठेवा, पुढं लागेल. त्या आतल्या कॉम्प्युटरला मी असं बांधून ठेवलं होतं की आत काहीही करा, बंद केला की सगळं पुसून तो पुन्हा पहिल्या दिवसासारखा. व्हायरस नको, चुकून काही उडायला नको म्हणून. काम झालं की तयार फाइल बाहेरच्या फोल्डरमध्ये काढायची, बस. इंटरनेट त्याला दिलेलंच नव्हतं. आत काही साठत नव्हतं, बदलत नव्हतं. त्याची तारीखसुद्धा रोज सकाळी त्याच एका दिवसावर उघडायची.

लग्नसराईभर पत्रिका निघाल्या. संत्र्याची वेल, गणपती, लोकांची नावं… कुठं काना-मात्रेची तक्रार नाही. मग बाबांची एकसष्ठी आली.

बाबांना ती जोरात करायची होती. हॉल, केटरर, अमरावतीचे व्याही, सगळं. पत्रिका अर्थातच संत्र्याच्या वेलीची. मजकूर त्यांनी सांगितला, निमंत्रक म्हणून निखिल आणि सूनबाई. माझं नाव त्यांनी मोठ्या मनानं खाली घातलं. मी त्या चौकटीत टाइप केलं, फाइल बाहेर काढली, पडद्यावर नीट पाहिली आणि प्रूफ काढून त्यांच्या हातात दिलं. दुपारची वेळ, खाली भांडी आपटल्याचा आवाज चाललेला.

बाबांनी चष्मा वर-खाली केला. मग कागद काउंटरवर ठेवून माझ्याकडे सरकवला.

शेवटी, माझ्या नावाखाली एक ओळ होती. 'कुसुम.' पुढं सौ. नाही, श्रीमती नाही, कै. नाही. मागं आडनाव नाही.

"हे काय करून राहिली तू?"

"मी नाही लिहिलं बाबा."

"मंग कोणी, मी लिहिलं?"

मी पडद्यावर पाहिलं. नाही. आत चौकटीत पाहिलं. तिथंही नाही. पडद्यावर नाही आणि कागदावर आहे. मला वाटलं एखाद्या जुन्या फाइलमधलं राहिलं असेल कुठं दडून. चौकट बंद केली, पुन्हा चालू केली, सगळं पहिल्यापासून टाइप केलं. बाबा प्लॅस्टिकची खुर्ची ओढून माझ्या खांद्याशी बसले, एकेक अक्षर बघत. प्रूफ काढलं. आता 'कुसुम' माझ्या आणि निखिलच्या नावाच्या वर गेलं होतं.

त्याच वेळी उमरेडचं एक गिऱ्हाईक आलं. त्याची पत्रिका मी त्याच चौकटीतून, त्याच प्रिंटरवर, तीच वेल लावून काढली. स्वच्छ. तो माणूस खूश होऊन गेला.

बाबांनी निखिलला फोन करून बोलावलं. मी टाइप करते म्हणून होतंय, असा त्यांचा हिशेब. निखिल आला आणि माझ्या खुर्चीत बसला. मला ढकलूनच म्हणा ना. त्यानं टाइप केलं, बाबांनी वाचून पाहिलं, मी कशालाही हात लावला नाही, खिडकीत उभी राहून हातठेले बघत होते. प्रिंटरमधून कागद आला तो निखिलनंच उचलला.

त्यात निमंत्रक एकच होती. 'कुसुम.' निखिलचं नाव नव्हतं, सूनबाईचं नव्हतं, माझंही नव्हतं. मजकूरही थोडा वेगळा होता… 'माझा भाऊ मनोहर याची एकसष्ठी आहे. यावे.' बास, एवढंच. आत्या बोलायची तसं.

निखिलचा चेहरा पांढरा पडला. खोटं का बोलू, मला त्या क्षणी भीती वाटली नाही. मला बरं वाटलं. आतून, अगदी तळापासून बरं वाटलं.

"टाकून द्या न बाबा तिचं नाव," मी म्हणाले. "एक ओळ तं आहे."

"मेलेल्या बाईचं नाव निमंत्रक म्हणून टाकू? शुभ कामात? हसतीन लोक."

"जिती होती तेव्हा तरी कुठं टाकलं?"

बाबांनी प्रूफाचे तुकडे केले. मग निखिलकडे वळून म्हणाले, "ते भाडेकरू काढून टाक तिथून. आता, माह्यासमोर."

मी उठेपर्यंत निखिलनं ते केलं. पूर्ण व्हर्च्युअल मशीन, एक मोठी फाइल असते ती, निवडून डिलीट. कचऱ्याची पेटीही रिकामी केली. तुम्ही विचाराल, बॅकअप? घेतला होता हो. त्याच कॉम्प्युटरवर, त्याच फोल्डरला लागून. दुनियेला बॅकअप शिकवणारी मी. निखिलनं तोही उडवला, आणि बाहेर काढलेल्या तयार पत्रिकांचं फोल्डरही. ती वेल गेली, अंबाझरीचा फोटो गेला, 'वैशू' गेलं. नंतर मी माहिती परत काढायची सगळी साधनं लावून पाहिली. तुकडासुद्धा हाती आला नाही. त्या दिवशी मी घरी जेवले नाही. बाबांशी आणि निखिलशी बोलणं मी त्या दिवसापासून कामापुरतं ठेवलं, आणि मनात रोज त्यांचं वाईट चिंतत होते. हे लिहायला मला काही वाटत नाही.

पत्रिका मग बाबांनी दुसऱ्या प्रेसमधून छापून आणल्या. बाजारात मिळते ती सोनेरी नक्षी, तयार गणपती, निमंत्रक निखिल आणि सूनबाई. गठ्ठे आले तेव्हा मी स्वतः वरच्या पत्रिका पाहिल्या. नीट होत्या. पहिली पत्रिका देवघरात ठेवली, बाकीच्यांच्या कोपऱ्यांना हळदी-कुंकू लागलं आणि बाबा आणि निखिल घरोघरी जाऊन हातानं देऊन आले.

एकसष्ठीच्या दिवशी हॉल भरला होता. बाबा नवा फेटा बांधून पाटावर बसले, शेजारी एकसष्ट पणत्यांचं ताट लावलेलं. तेवढ्यात दारातून गोदाकाकू आली. ही बाबांची चुलतकाकू, नागपूरजवळ खापा गावात असते, वय झालेलं, पाठीत वाकलेली. बाबांचं आणि तिचं जुनं वाकडं आहे, खाप्याला पत्रिका पाठवलीच नव्हती. ती काठी टेकत सरळ पाटापर्यंत आली.

"कुसुम कुठी आहे गा, मनोहर?"

बाबांना वाटलं म्हातारीला भ्रम झाला. "काकू, कुसुम गेली न. तुले माहीत नाही का?"

"माहीत आहे मले. म्हणूनच आली. तू तं मले कधी बोलावलं नाही. तिनं बोलावलं. मेल्या माणसानं बोलावलं तं नाही म्हणता येते का?" आणि तिनं पिशवीतून पत्रिका काढली.

संत्र्याच्या फुलांची वेल. वर गणपती. 'माझा भाऊ मनोहर याची एकसष्ठी आहे. यावे. — कुसुम.'

"कोणी दिली ही तुमाले?" निखिलनं विचारलं.

"दाराच्या कडीत खोचून होती."

मग मागच्या खुर्च्यांवर चुळबुळ सुरू झाली. एका बाईनं पर्समधली पत्रिका काढली. तिच्या शेजारणीनं काढली. अमरावतीच्या व्याह्यांनी खिशातली उलगडली. या सगळ्या बाबांनी स्वतःच्या हातानं दिलेल्या होत्या, कोपऱ्यांना बाबांच्या बोटाचं हळदी-कुंकू होतं. सगळ्यांवर तीच वेल आणि तेच एक नाव. व्याही म्हणाले, "आम्हाला वाटलं ताई असतील तुमच्या. लग्नात कुणी ओळख करून दिली नाही म्हणून आज भेटू म्हटलं."

भटजींना यातलं काही माहीत नव्हतं. ते म्हणाले, "चला, औक्षण करून घेऊ. पहिलं बहिणीचं. यजमानांची बहीण कोण आहे?"

सूनबाई पुढं झाली. गोदाकाकूनं काठी आडवी धरली. "जिनं बोलावलं तिले ओवाळू दे. थांबू आपण."

आणि लोक खरंच थांबले. हसावं की उठावं, कुणालाच कळेना. एवढ्या माणसांत ताटाला हात लावायला एकही बाई पुढं आली नाही. मीही नाही. सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं, डोळ्यांनी विनवलं, मी हाताची घडी घालून उभी राहिले. बाबा फेटा घालून पाटावर बसलेले, समोर ताट, आणि सगळा हॉल एका मेलेल्या बाईची वाट बघतो आहे. एकेक पणती तेल संपून विझत गेली. कुणी तेल घातलं नाही. शेवटच्या दोन-चार उरल्या तेव्हा बाबा स्वतःच उठले, फेटा काढून निखिलच्या हातात दिला आणि गाडीत जाऊन बसले. ओवाळलं नाही त्यांना कुणी. जेवणाच्या पंगती तशाच झाल्या, लोक कुजबुजत जेवले.

घरी आल्यावर मी आधी देवघरात पाहिलं. तिथली पत्रिका सोनेरी नक्षीची होती, निमंत्रक निखिल. उरलेले गठ्ठे फोडले. सगळे तसेच, सोनेरी. गोदाकाकूची पत्रिका मी मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी त्या प्रेसमध्ये दाखवली. ते म्हणाले कागद आमच्याकडचाच, पण ही डिझाइन आमच्याकडे कधी आली नाही. कुठून येणार, ती फाइल जगात कुठंच नव्हती.

बाबांची आणि निखिलची खात्री झाली की हे मी केलं. कॉम्प्युटरवाली मीच, चिडलेली मीच. मी कुठंतरी एक प्रत लपवली, रात्रंदिवस छापली, घरोघरी जाऊन बदलली, कोपऱ्यांना कुंकू लावलं, खाप्याला जाऊन कडीत खोचली. मी त्यांना सांगितलं, इथंही सांगते… मी केलं नाही. करता आलं असतं तर नक्की केलं असतं. पण ते मला सुचलंसुद्धा नव्हतं.

इथं संपलं असतं तरी चाललं असतं. पण मी हे लिहायला बसले ते गेल्या आठवड्यात झालं त्यामुळे.

निखिलला मुलगी झाली. बारसं आहे. बाबा जिना चढून मागच्या खोलीत आले, तेही बऱ्याच दिवसांनी, आणि माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. स्वतःच्या हातानं, डोळ्याला जवळ धरून लिहिलेला मजकूर. निमंत्रकांत पहिलं नाव 'कुसुम'. पुढं काही नाही, मागं काही नाही.

"असंच टाक," म्हणाले. "ती म्हणे तसं."

एकसष्ठीच्या वेळी हे लिहिलं असतं तर, असं मी म्हणणार होते. पण ते कागदाची घडी बोटानं सपाट करत उभे होते, म्हणून म्हणाले नाही.

आता आतला कॉम्प्युटर नाही, जुनं सॉफ्टवेअर नाही, वेल नाही. नव्या मशीनवर, नव्या फॉन्टमध्ये टाइप केलं. पहिलं नाव कुसुम, मग बाकीचे. पडद्यावर बाबांना दाखवलं. त्यांनी बोट लावून वाचलं आणि मान हलवली. प्रूफ काढलं.

सगळी नावं होती. पहिली ओळ कोरी.

मी पुन्हा काढलं. प्रिंटर बदलला. फॉन्ट बदलला. त्या दुसऱ्या प्रेसमध्ये काढून पाहिलं. मोबाइलवर पाठवली तर दिसते, कागदावर येत नाही. काळजीपूर्वक सोडल्यासारखी एका ओळीची जागा, आणि त्याखाली निखिलपासून पुढं सगळे व्यवस्थित. शेवटी बाबांनी पेन घेतलं आणि त्या कोऱ्या जागेत लिहायला गेले. पेन चाललं नाही. दुसरं घेतलं, तेही नाही. माझ्या समोर घडलं आहे हे, भर दुपारी, खाली भांडी वाजत असताना. त्याच पेनानं त्यांनी तळहातावर रेघ मारून पाहिली तर ती आली.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणी शाईचं, कागदाचं, ड्रायव्हरचं काही सांगणार असेल तर सांगा, मी करून बघीन. पण मला ते वाक्य आठवतं. कवा टाकाचं आणि कवा नाही, ते मी ठरवीन.

बारसं तोंडावर आलं आहे. बाबा रोज दुपारी मागच्या खोलीत येतात, स्टुलावर बसतात आणि म्हणतात, "वैशू, एक प्रूफ काढून पाय न वं." मी काढते. ते चष्मा लावून पहिली ओळ बघतात आणि कागद घडी करून खिशात ठेवतात. मला त्यांची दया यायला हवी, असं सूनबाई म्हणते. अजून तरी आलेली नाही.